खाल्लेले अंगी का लागत नाही?

आपल्याकडे एक जुना बोल आहे. एखादा पोरगा पोटभर जेवतो, वर आणखी मागतो, तरी त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसतात, तेव्हा घरातली म्हातारी म्हणते, "याच्या अंगी खाल्लेले लागतच नाही." शेजारच्याच घरात दुसरे माणूस असते. ते बिचारे एकादशी धरते, चतुर्थी धरते, रात्रीचा भात सोडते, आणि तरीही दर दोन वर्षांनी सदऱ्याची शिवण उसवून घेते. एकाच चुलीवरचे अन्न दोघा सख्ख्या भावांपैकी एकाच्या अंगी लागते आणि दुसऱ्याच्या लागत नाही, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. हे असे का होते, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न खरे तर डॉक्टरांचा. मी कामगार-संघटनेत काम करणारा माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. पण माणसाच्या देहाला दिवसाकाठी किती अन्न लागते, हा प्रश्न मजुरीच्या प्रत्येक वाटाघाटीत कोठे ना कोठे दडलेला असतो. मालक म्हणतो, "यांचे भागते की! बघा, कसे काटक आहेत." या एका वाक्याला उत्तर देण्यासाठी मला बारीक अंगाचा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास मनोरंजक तर आहेच, पण त्यात न्याय-अन्यायाचाही एक धागा आहे. तोच धागा धरून मी बोलणार आहे.

इटियाडोहच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास हे धरण उभे राहिले, कालवे निघाले, आणि अर्जुनी-मोरगावपासून खाली वडसा-आरमोरीच्या बाजूपर्यंत बांध्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले. मुलूख धानाचा, धानामागे भातगिरण्या आल्या. जंगलात तेंदूचे पान, म्हणून घरोघरी विडीचे सूप आले. या मुलखात बारीक माणसे फार. बाहेरून आलेला पाहुणा ती पाहतो आणि म्हणतो, "तुमच्याकडे कोणाला पोट सुटलेलेच दिसत नाही, मोठे नशीबवान आहात." पाहुण्याचे बोलणे ऐकायला गोड वाटते. पण या बारीक माणसांतली तीन माणसे निवडून जवळून पाहिली, म्हणजे गोष्ट निराळी दिसू लागते.

पहिला आहे भातगिरणीतला हमाल. दिवसभर पाठीवर पोती वाहतो. जेवायला बसला म्हणजे भाताचा डोंगर संपवतो. त्याच्या अंगावर चरबी नाही, पण दंड आणि पोटऱ्या दोरखंडासारख्या आहेत. तो बारीक आहे, कारण जे खातो ते कामात जळते. याला आपण कष्टाचा बारीकपणा म्हणू.

दुसरी आहे विडी वळणारी बाई. ती कष्ट करते, पण एका जागी बसून. मांडीवर सूप, त्यात पान आणि जर्दा. मान खाली, बोटे चालू. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, आणि त्यातून छाट निघाली की तेवढी कमी. बसून काम करणारा माणूस जाड होतो असे म्हणतात. ही तर दहा-दहा तास बसलेली असते, आणि तरी बारीकच. हिचे दंड दोरखंडासारखे नाहीत. ते नुसतेच बारीक आहेत. ही बारीक आहे, कारण घरात सर्वांचे जेवण झाल्यावर भांड्यात जे उरते ते हिच्या वाट्याला येते. हा उणिवेचा बारीकपणा.

तिसरा आहे गावातला सुखवस्तू दुकानदार किंवा मास्तर. घरी दूध-दुभते आहे, गल्ल्यावर किंवा खुर्चीवर बसून काम आहे, ताटात काही कमी नाही, आणि तरी हा माणूस विशीत जसा होता तसाच पन्नाशीत आहे. तो व्यायाम करीत नाही, पथ्य करीत नाही, आणि लोकांनी विचारले तर हसतो. हा पिंडाचा बारीकपणा.

बाहेरून तिघांची अंगकाठी सारखी दिसते. शिंप्याच्या टेपाला त्यांच्यात फरक कळत नाही. सहजासहजी सडपातळ राहणारा त्यांच्यापैकी एकच, तो तिसरा. पहिल्याचा बारीकपणा घामाने विकत घेतलेला आहे, आणि दुसरीचा तर तिच्यावर लादलेला आहे. या तीन प्रकारांची गल्लत करणे सोपे आहे, आणि इतिहासात ती वारंवार झालेली आहे.

ही गल्लत आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र केली नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१ वा अध्याय आहे. त्यात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांचा उल्लेख येतो, आणि त्यांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केलेला आहे. स्थूलपणाची कारणे सांगताना ग्रंथकार अति खाणे, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, चिंता नसणे ही यादी देतो, आणि तिच्या शेवटी एक शब्द घालतो: बीजस्वभाव. म्हणजे आईबापांकडून आलेला स्वभाव. कृशपणाच्या कारणांतही रूक्ष अन्न, उपास, अपुरे जेवण, शोक, दीर्घ आजार यांच्याबरोबर 'प्रकृति' हा शब्द आहे. कष्ट, उणीव आणि पिंड ही तिन्ही कारणे त्या जुन्या यादीत शेजारी शेजारी बसलेली आहेत. दोन टोकांपैकी कृशपणा बरा, असेही तेथे म्हटले आहे. परंतु दोन्ही टोके दोषच मानली आहेत, आणि सम देहाची प्रशंसा केली आहे. बारीकपणा म्हणजे आरोग्य, असे समीकरण त्या ग्रंथात नाही.

मग गल्लत कोणी केली? आपल्याच प्रांतातले एक उदाहरण सांगतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांस हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी पाठवले. याच गृहस्थांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात हात सैल सोडला होता, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका घेतला होता. या खेपेस त्यांनी तो डाग धुऊन काढावयाचे ठरवले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर एवढी मजुरी पुरे, असे त्यांचे मत पडले. एक पौंड म्हणजे आजचे सुमारे साडेचारशे ग्रॅम. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त अन्न मिळते, आणि कष्टाचे काम करणारा देह एवढ्यावर झिजत जाईल, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

मुंबई इलाख्यात या मजुरीला उत्तर खुद्द मजुरांनी दिले. १८७७ च्या जानेवारीत हजारो दुष्काळी मजुरांनी कामे सोडून दिली. पोटात अन्न नसताना काम सोडणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, त्यांची बाजू घेतली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. मद्रास सरकारला पुढे काही महिन्यांत ती मजुरी वाढवावी लागली. आमच्या चळवळीच्या इतिहासात या संपाला मी फार वरचे स्थान देतो. देहाला किती अन्न लागते, हे ठरवण्याचा अधिकार केवळ हिशेबनिसाचा नाही, हे त्या उपाशी माणसांनी शास्त्र न शिकता सांगितले.

या प्रसंगानंतर माणसाच्या अन्नाचे माप घेण्याचे शास्त्र हळूहळू वाढले. आपल्या देशात त्याचे केंद्र होते निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळा. १९३५ ते १९४५ या काळात तिचे संचालक डॉ. आयक्रॉइड होते. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावरही ते होते. भुकेने झिजलेला देह म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९५७ च्या जुलैमध्ये पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली आणि गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरले, तेव्हा त्यात अन्नाचे माप आयक्रॉइड यांचेच घेतले गेले: मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ माणसाला २,७०० उष्मांक, म्हणजे ज्याला आपण कॅलरी म्हणतो त्या. एका मिळवत्या माणसामागे तीन खाणारे धरावेत, आणि चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, असेही त्या सूत्रात होते. टेंपलसाहेबांच्या एका पौंडापासून २,७०० उष्मांकांपर्यंत यायला आपल्याला ८० वर्षे लागली. विडीच्या सुपापर्यंत ते माप आजही पूर्ण पोचलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

येथे कोणी म्हणेल, हे सगळे उणिवेचे झाले. ज्याच्या ताटात कमी नाही, त्याचे काय? तिकडेच वळतो.

श्रम परिषदेच्या एक वर्ष आधी, १९५६ साली, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आपल्याच देशात, कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट गिरणीत झालेला होता. झाँ मेयर हे अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे रॉय आणि मित्रा या आडनावांचे आपले संशोधक. त्यांनी गिरणीच्या आवारातल्या २१३ पुरुषांचे वजन, काम आणि जेवण तपासले. त्यात दिवसभर बाजाराच्या गाळ्यावर बसणारे दुकानदार होते, कारकून होते, मिस्त्री होते, आणि ओझी वाहणारे, घणाचे घाव घालणारेही होते. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे कष्ट वाढत, तसतसे जेवणही वाढे, आणि वजन मात्र जवळजवळ तेच राही. म्हणजे देह आपला जमाखर्च आपणच सांभाळतो. पण अगदी बैठ्या माणसांत हा हिशेब मोडलेला दिसला. गाळ्यावरचा दुकानदार काम सर्वांत कमी करी, आणि जेवणात मात्र अवजड काम करणाऱ्यांच्या पंक्तीला बसे. त्याचे वजन अर्थातच सर्वांत जास्त.

यावरून मेयर यांचे म्हणणे असे की, भूक ही एक तराजूची दांडी आहे. ती नीट हलण्यासाठी थोडी हालचाल लागते. अगदी बैठ्या माणसाच्या दांडीला गंज चढतो. आमच्या हमालाचे कोडे येथे सुटते. मी त्यात एवढेच जोडीन की, गाळेवाल्याच्या खिशात हमालापेक्षा दोन पैसे जास्तही असत, आणि भूक जेवणात उतरण्यासाठी पैसा लागतो. विडीवाल्या बाईची दांडी दहा तास बसूनही झुकत नाही, कारण पारड्यात टाकायला काही नसते.

मग एवढ्यावर निकाल देता येईल काय, की जो हलतो तो सडपातळ आणि जो बसतो तो जाड? लंडनच्या बसगाड्यांनी या सोप्या निकालात एक पाचर मारून ठेवली आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की, लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, हृदयविकार कमी होतो. कामगार-चळवळीला हा अभ्यास माहीत असावयास हवा. पुढे १९५६ साली याच मंडळींनी कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांच्या कंबरेपेक्षा मोठी निघाली. येथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे. पण अगदी तरुण वयोगटातही, म्हणजे स्टिअरिंगसमोर बसून फार वर्षे झालेली नसतानाही, हा फरक होताच. अर्थ असा की, काही माणसे आपली अंगकाठी कामावर येतानाच बरोबर घेऊन आली होती. कामाने देह घडतो हे खरे, पण देहाप्रमाणे माणूस काम निवडतो हेही खरे. तिसऱ्या बारीकपणाची, पिंडाची, पावले येथे ऐकू येऊ लागतात.

पिंड म्हणजे काय, हे थोडेथोडे उलगडले. प्रथम उपाशी ठेवून पाहिले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचे पत्करले. युद्धात शस्त्र धरण्यास त्यांचा नैतिक विरोध होता. लढण्याऐवजी त्यांनी ही सेवा स्वीकारली. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. अंग थंड पडे, हालचाल मंदावे, मनात अन्नावाचून दुसरा विषय नसे. आणि पुन्हा जेवण मिळताच ते इतके खाऊ लागले की, अंगावरची चरबी पूर्वीपेक्षाही वाढली. देहाला त्याच्या ठरलेल्या जागेवरून खाली ओढले, तर तो तेथे परत येण्यासाठी धडपडतो.

मग उलटे करून पाहिले गेले. १९६० नंतरच्या दशकात व्हर्मांट राज्यातल्या तुरुंगात डॉ. ईथन सिम्स यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना मुद्दाम जास्त खाऊ घातले. काहींचे वजन भराभर चढले. काहींचे कितीही खाऊन चढेना. आणि प्रयोग संपल्यावर बहुतेक जण फारशी खटपट न करता आपल्या मूळ वजनाजवळ आले. म्हणजे वर ओढले तरी देह खाली येऊ पाहतो.

पण ही ठरलेली जागा ठरवतो कोण? १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांच्या अंगाचा जाडेपणा वा बारीकपणा जन्मदात्यांशी जुळला. ज्यांनी वाढवले, भरवले, त्यांच्याशी जुळला नाही. १९९० साली कॅनडातील क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या घेतल्या, आणि १०० दिवसांच्या काळात ८४ दिवस त्यांना रोज १,००० उष्मांक जास्त दिले. सर्वांना जास्तीचे अन्न सारखेच. तरी कोणाचे वजन ४ किलोच्या आसपास वाढले, तर कोणाचे १३ किलोंच्या वर. आणि गंमत अशी की, जुळे भाऊ एकमेकांसारखे वाढले. एक थोडा वाढला तर दुसराही थोडाच. चरकसंहितेतला 'बीजस्वभाव' येथे वजनकाट्यावर उभा राहिलेला दिसतो.

हा बीजस्वभाव काम कसे करतो, तेही थोडे कळले आहे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन नावाच्या द्रव्याचा शोध लावला. अंगावरची चरबीच हे द्रव्य सोडते, आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. साठा घटला की भुकेची घंटा वाजते. कोणाची घंटा मोठ्याने वाजते, कोणाची हळू. पोट भरल्याची जाणीवही कोणाला चार घासांत होते, कोणाला दहा घासांत. ज्याला आपण खाण्यावर ताबा असलेला म्हणतो, त्याला पुष्कळदा तेवढी भूकच लागत नाही. त्याची परीक्षाच सोपी असते. यामागे एक-दोन नव्हे, तर शेकडो जनुकांचा हात आहे. त्यांतला एक ठळक प्रकार २००७ साली सापडला. तो आई आणि बाप या दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय माणसांचे वजन सरासरीने सुमारे तीन किलो जास्त भरते.

आणखी एक गंमत सांगतो. १९९९ साली जेम्स लेव्हीन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० उष्मांक जास्त दिले. एकाच्या अंगावर चरबी वाढली जेमतेम ३६० ग्रॅम, तर दुसऱ्याच्या चार किलोंहून जास्त. फरक कोठे होता? व्यायामात नव्हे. ज्यांची चरबी वाढली नाही, ती माणसे नकळत जास्त हलू लागली: उठणे, बसणे, उभे राहणे, येरझारा, चुळबुळ. आमच्याकडे अशा माणसाला "याच्या पायांना भिंगरी आहे" असे म्हणतात. म्हातारीने ज्याच्याबद्दल "खाल्लेले अंगी लागत नाही" म्हटले, त्याचे खाल्लेले हवेत विरत नाही. काही त्याच्या पायांच्या भिंगरीत जळते, आणि उरलेल्याचे उत्तर असे की, तो आपल्याला वाटते तितका खातच नाही. एका जेवणात ताट भरून घेतो आणि पुढच्या दोन जेवणांत नकळत हात आखडतो.

तर मग सहज सडपातळ राहणाऱ्याचे गुपित एवढेच: थोडी हलकी भूक, थोडा चुळबुळ्या देह, आणि हे दोन्ही त्याला बव्हंशी जन्मतः मिळालेले. यात त्याचे कर्तृत्व थोडे. आणि जाड माणसाचा गुन्हाही थोडा. पण येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बीज जर तेच, तर आपल्या आजोबांच्या काळी नव्हती इतकी पोटे आज का सुटली? त्याचे उत्तर असे की, बीज सांगते कोण आधी जाड होईल. जमीन आणि पाणी सांगतात किती जण होतील. गावोगाव तेलकट-गोड पुड्या पोचल्या, सायकलींच्या जागी मोटारसायकली आल्या. आणि त्यामुळे ज्यांचे बीज तिकडे झुकलेले होते ते आधी झुकले.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेक परमुलखातल्या माणसांवर तपासलेली आहे. आपल्या बारीक देहाची गोष्ट मात्र आपल्या पुण्यातच उलगडली, आणि ती ऐकून मी अस्वस्थ झालो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथली बाळे जन्मतः सरासरीने सुमारे २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदम्टनची बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे सर्वच बाजूंनी लहान. पण सारखी लहान नव्हेत. स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान. त्या मानाने कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. म्हणजे बाळ बाहेरून बारीक आणि आतून जाड.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. त्या मापाचा आकडा दोघांचा २२.३, म्हणजे उत्तम. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा इंग्रज गृहस्थाची निघाली ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दोघेही सडपातळ. दोघांच्या बारीकपणाचा अर्थ मात्र वेगळा.

आता विडीवाल्या बाईकडे परत येऊ. तिच्या आईने अर्धपोटी राहून तिला जन्म दिला. तिने स्वतः अर्धपोटी राहून मुलांना जन्म दिला. तिच्या अंगावर स्नायू थोडे, आणि साखर जाळण्याचे काम मुख्यतः स्नायू करतात. म्हणून चाळिशीत तिला मधुमेह झाला, तर त्यात नवल नाही. पण तिला कोणी तपासत नाही. एका तपासणी शिबिरात मी स्वतः पाहिले: अशाच एका बाईला रांगेतून बाजूला काढले आणि म्हटले, "बाई, तुम्हाला कशाची साखर? अंगावर मांस नाही." तिलाही ते खरे वाटले आणि ती हसत घरी गेली. पाहुण्याचे ते गोड वाक्य किती महाग पडते, हे मला त्या दिवशी कळले.

शास्त्रानेही येथे धरसोड केली आहे. कुपोषणाशी जोडलेला मधुमेह हा एक वेगळा प्रकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली आपल्या यादीत घेतला, आणि १९९९ साली यादीतून काढून टाकला. पुरावा पुरेसा नाही, असे म्हटले गेले. त्यावर वर्षे गेली. शेवटी २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'पाचवा प्रकार' म्हणून मान्यता दिली. उपाशीपणाने झिजलेल्या, सडसडीत तरुण माणसांना होणारा हा मधुमेह. ज्याला नाव नाही त्याला औषध कोठून मिळणार? नावासाठी गरीब देशांतल्या रोग्यांनी एवढी वाट पाहिली.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतून आणखी एक गोष्ट निघाली, ती मी आमच्या प्रत्येक सभेत सांगतो. ज्या गरोदर स्त्रियांना शेतातले आणि घरातले, विहिरीवरून पाणी आणण्यासारखे, कष्ट जास्त होते, त्यांची बाळे लहान जन्मली. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा आले, त्यांची बाळे मोठी. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत परे रोवणाऱ्या बायांत गरोदर बाया असतातच. त्यांच्या पोटातल्या बाळाचा पिंड त्या बांधीत घडत असतो. आपण पुढे त्याला जन्मजात म्हणतो. पण जन्मजात म्हणजे सगळेच बीजातले नव्हे. काही मजुरीतलेही असते, काही विश्रांती न मिळण्यातलेही असते.

मित्रहो, इतका इतिहास सांगून मला काय म्हणावयाचे आहे, ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट: जो सहज सडपातळ आहे त्याने गर्व करू नये, आणि जो जाड आहे त्याला हिणवू नये. घरातल्या दोन भावांना एकच उपदेश करणे व्यर्थ आहे. जाड भावाला चार पावले चालण्याची संगत द्यावी, ताटात भाजी-वरण वाढवून भात थोडा कमी वाढावा; पण त्याच्या निर्धाराची टिंगल करू नये. त्याची भूकच मोठ्याने बोलते.

दुसरी: बारीकपणा हा आरोग्याचा दाखला नाही. कामगारांच्या तपासणीत डोळ्यांनी निवड करण्याची चाल बंद झाली पाहिजे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची, बारीक असो की जाड, रक्तातली साखर पाहावी, आणि नुसत्या वजनाऐवजी कंबरेचाही टेप घ्यावा. आपल्या लोकांसाठी उंची-वजनाच्या मापाचा धोक्याचा आकडा युरोपीय माणसाच्या २५ वरून २३ वर आणलेला आहे, तो याचसाठी.

तिसरी: मजुरी ठरवताना काटक अंगाकडे बोट दाखवणे हा १८७७ सालचाच युक्तिवाद आहे. देह कमी अन्नावर तग धरतो, याचा अर्थ त्याला तेवढेच पुरते असा होत नाही. तो उरलेला खर्च आपल्या स्नायूंतून, आणि आईच्या बाबतीत पुढच्या पिढीच्या स्नायूंतून, भागवत असतो. हे कर्ज आहे, आणि ते फेडणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

इटियाडोहच्या पाण्याने आमच्या बांध्या हिरव्या केल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण पाणी बांधीत आले म्हणजे भात ताटात आला असे नव्हे, आणि भात ताटात आला म्हणजे वरण, भाजी आणि दूध आले असे नव्हे. ज्या दिवशी आमच्या गावातली सर्व बारीक माणसे केवळ पिंडाने बारीक असतील, उणिवेने कोणीही नसेल, त्या दिवशी पाहुण्याने खुशाल आमच्या नशिबाचे कौतुक करावे. तोवर त्याने आधी आमच्या चुलीत डोकवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.